मोटार आपली, पण दुसऱ्याच्या विहिरीवर



या पानावर आपण नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट अशा गोष्टी बोलतो. या अंकात विषय जरा निराळा घेतला आहे. पण तोही उसाच्या वजनाशीच जाऊन भिडतो, हे पुढे आपल्या ध्यानात येईल.

मागच्या उन्हाळ्यात गोदाकाठच्या एका गावचे जुने सभासद सकाळीच गट ऑफिसात आले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चुलत भावाची मोटार जळाली, तेव्हा तात्यांनी आपली जादा असलेली पाच हॉर्सपॉवरची मोटार त्याला वापरायला दिली. “एवढ्या चार पाळ्या निघू द्या, मग आणून देतो,” असा बोल होता. कागद नाही, पावती नाही. भावाभावांत कुठला कागद? यंदा तात्यांचीच मोटार जळाली. ऊस ऐन वाढीत, दोन पाळ्या चुकलेल्या, शेंडे मान टाकायला लागलेले. मोटार मागायला गेले तर भाऊ म्हणतो, “कोणती मोटार? ती तर म्या तुमच्याकडून इकत घेतली व्हती.”

तात्यांचा संताप अनावर झाला होता. म्हणाले, “साहेब, रात्री चार पोरं घेतो अन् मोटार काढून आणतो. माहीच हाय ती, मंग चोरी कशी व्हईल?”

मी त्यांना आधी चहा पाजला आणि मग सांगितले की, तात्या, एवढे मात्र करू नका. आपली वस्तूसुद्धा दुसऱ्याच्या ताब्यातून लबाडीने काढून आणली तर काही वेळा ती चोरी ठरते. १८६० च्या दंडसंहितेत याचे घड्याळाचे उदाहरण दिले होते, आणि नव्या कायद्यातही ते तसेच ठेवले आहे. माणसाने घड्याळ दुरुस्तीला टाकले, मजुरी दिली नाही, कारागिराने मजुरीपोटी ते ठेवून घेतले, आणि मालकाने त्याचे तारण बुडवण्यासाठी ते उचलून नेले, तर घड्याळ मालकाचे असूनही ती चोरीच. तात्यांवर कोणाची मजुरी बाकी नव्हती, हे खरे. पण रात्री चार माणसे घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर गेले की मारामारी होणार, आणि मग मोटारीचा विषय बाजूला राहून तात्याच आरोपी व्हायचे. हक्काचा माणूस असा गुन्हेगार होऊन बसलेला मी पाहिला आहे.

मग करायचे काय? मी वकील नाही, शेतकीची पदविका घेतलेला माणूस आहे. पण वकिलांना विचारून आणि कायदा वाचून जे कळले ते सोप्या शब्दांत मांडतो.

पहिली गोष्ट, वस्तू गेली कशी ते पाहावे. न विचारता नेली असेल तर ती चोरी. विहिरीवरून मोटार, केबल, स्टार्टर उचलून नेला तो यातच आला. आपण विश्वासाने दिली आणि घेणाऱ्याने ती लबाडीने विकली किंवा स्वतःची करून टाकली, तर तो विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात चोरीचे कलम ३०३ आहे, तर या अपहाराचे कलम ३१६ असून त्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिता लागते. मात्र नुसता उशीर किंवा टाळाटाळ म्हणजे गुन्हा नव्हे. लबाडीचा हेतू दिसावा लागतो. म्हणूनच पुष्कळदा ठाण्यात “ही दिवाणी बाब आहे” असे उत्तर मिळते. गुन्हा उघड दिसत असूनही तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

दुसरी गोष्ट दिवाणी दाव्याची. पोलीस गुन्हा पाहतात, वस्तूचा हक्क दिवाणी न्यायालय ठरवते. ‘स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३’ याच्या कलम ७ व ८ प्रमाणे आपली नेमकी तीच वस्तू परत मागता येते. हुकूमनाम्यात वस्तू परत देण्याचा आदेश असतो, आणि ती मिळाली नाही तर किती रक्कम द्यायची तेही लिहिलेले असते. वस्तू अडकून राहिल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. निकाल लागेपर्यंत ती विकू नये म्हणून मनाई हुकूमही मागता येतो.

फुकट वापरायला दिलेली वस्तू मालक केव्हाही परत मागू शकतो. मात्र ठरावीक मुदतीसाठी दिली असेल आणि मुदतीआधी मागितल्याने घेणाऱ्याचे, त्याला झालेल्या फायद्यापेक्षा जास्त नुकसान झाले, तर तो फरक भरून द्यावा लागतो. १८७२ च्या करार कायद्यात आणखी एक कामाची गोष्ट आहे. वस्तू वेळेवर परत केली नाही, तर त्या वेळेपासून पुढे तिचे जे काही नुकसान होईल त्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. म्हणजे “आता मोटार जळाली, मी काय करू?” हे उत्तर त्याला देता येत नाही.

वस्तू तिसऱ्याला विकली असेल तर? ज्याची मालकीच नाही त्याने विकलेल्या मालाची मालकी घेणाऱ्याकडे सहसा जात नाही, हा १९३० च्या मालविक्री कायद्याचा मूळ नियम आहे. चोरीचा बैल आठवडी बाजारात विकला गेला म्हणून घेणारा त्याचा मालक होत नाही. म्हणून जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर घरी लिहून ठेवावा, आणि बैल घेताना आपणही बाजाराची पावती घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

तिसरी गोष्ट मुदतीची, आणि ही मी घरच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या वडिलांनी ऑइल इंजिन एका ओळखीच्या गृहस्थाला दिले होते. एके दिवशी मागितले तर त्याने चारचौघांत साफ नकार दिला. वडील म्हणाले, “जाऊ द्या, देईल कधीतरी.” पुढे लेकीबाळींची लग्ने झाली, दुष्काळ आला, चार-पाच वर्षे निघून गेली. शेवटी वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी मान हलवली. अशा दाव्याला मुदत ३ वर्षांचीच असते. दिलेली वस्तू मागूनही मिळाली नाही तर साधारणपणे नकार मिळाल्यापासून, आणि चोरीची असेल तर ती कोणाकडे आहे हे कळल्यापासून ही ३ वर्षे मोजतात. इंजिनाचा लोखंडी सांगाडा त्या गृहस्थाच्या आखाड्यावर पुढे कित्येक वर्षे दिसत होता. वडील त्या वाटेने जाणे टाळत.

चौथी गोष्ट रिवायंडिंगच्या दुकानाची. मजुरी दिली नसेल तर मिस्त्री मोटार ठेवून घेऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे. म्हणून आधी मजुरी चुकती करून पावती घ्यावी. पण परस्पर मोटार विकून टाकण्याचा अधिकार त्याला नाही.

सोने गहाण ठेवणाऱ्या भगिनींसाठीही हेच. गहाण घेणाऱ्याने वाजवी मुदतीची नोटीस दिल्याशिवाय दागिना विकू नये, आणि विक्री होईपर्यंत पैसे भरून तो सोडवण्याचा आपला हक्क कायम असतो. सावकार विनापरवाना असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करावी. २०१५ साली शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडील कर्ज स्वतः फेडून गहाण दागिने परत देण्याचा निर्णय केला. पण ज्या सावकाराने परवान्याच्या हद्दीबाहेर कर्ज दिले होते, त्याच्याकडचे शेतकरी त्यात अडकले. तेव्हा गहाण ठेवतानाच परवाना कुठल्या हद्दीचा आहे ते विचारावे आणि पावती घ्यावी.

पाचवी गोष्ट, चोरीचा माल सापडला तरी तो ठाण्यात पडून राहतो, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. असा माल खटला संपेपर्यंत गंजत ठेवायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितले की, पंचनामा करून, फोटो काढून, हमी घेऊन माल लवकर मालकाला द्यावा. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आणि ठाण्यातूनच माल गेला तर? म्हैसूर राज्यातल्या बसव्वा पाटील नावाच्या बाईंचे चोरीला गेलेले दागिने सापडले, पण ते पोलिसांच्या ताब्यातून नाहीसे झाले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची किंमत सरकारने द्यावी असा निकाल दिला. त्याआधी १९६७ साली जुनागढच्या एका प्रकरणातही, जप्त केलेली वाहने परस्पर विकली गेली म्हणून सरकारलाच जबाबदार धरले होते. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की सरकारही सुटत नाही, मग भावकी कशी सुटेल?

आता तात्यांचे काय झाले ते सांगतो. मोटारीचे बिल त्यांच्याकडे नव्हते. पण ती पूर्वी एकदा रिवायंडिंगला टाकली होती, आणि त्या दुकानदाराच्या वहीत तात्यांचे नाव व मोटारीचा नंबर सापडला. त्यावर वकिलांनी १५ दिवसांची नोटीस लिहिली आणि स्पीड पोस्टाने पाठवली. मुदत संपायच्या आत पुतण्या मोटार छोट्या टेंपोत घालून घेऊन आला. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, मारामारी झाली नाही. दोन्ही घरची माणसे आज एकमेकांच्या कार्याला जातात. पण चुकलेल्या पाळ्या काही परत आल्या नाहीत. गाळपाच्या वेळी तात्यांच्या उसाचे वजन पाहिले तेव्हा आम्ही दोघेही काही बोललो नाही.

तरी सभासदांनी पुढील गोष्टी आजच कराव्यात.

१) मोटार, इंजिन, पंप, स्टार्टर यांचे नंबर आणि बिले एका वहीत ठेवावीत. मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

२) वस्तू देताना दोन ओळी लिहून घ्याव्यात: काय दिले, किती दिवसांसाठी, आणि “वापरायला दिली, विकली नाही”. खाली घेणाऱ्याची सही आणि एक साक्षीदार. भाऊ असला तरी.

३) परत मिळेना तर तोंडी मागत बसू नये. तारीख घालून लेखी मागणी करावी व पोच जपून ठेवावी.

४) नकार मिळाला ती तारीख वहीत लिहावी आणि ३ वर्षे उलटू देऊ नयेत. नुसत्या पोलीस तक्रारीवर विसंबून राहू नये.

५) वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे किंवा परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या सभासदांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. दावा लावण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, आणि तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचेच बळ असते.

लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. उसाची नोंद आपण कारखान्यात लेखी देतो, वजनाची पावती घेतो, म्हणून कारखान्याशी आपले काही वाकडे होत नाही. भावाशीही होणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी