सर्पदंश पायाला, इजा मूत्रपिंडाला

पौषातील यात्रा व जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले म्हसा हे ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याच्या भातपट्ट्यातील गाव. अशा शेतशिवारात आढळणारी घोणस पायाला चावली, तरी डॉक्टर लघवी किती झाली हे आवर्जून विचारतात. असे का?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक पाणी, ग्लुकोज व आवश्यक क्षार रक्तात परत शोषले जातात. युरियासारखी टाकाऊ द्रव्ये घेऊन जेमतेम दीड लिटर मूत्र मूत्राशयात उतरते.

घोणसच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात, रक्तदाब घसरतो आणि नेफ्रॉनमधील पेशी मरू लागतात. मग लघवी घटते, रक्तात युरिया व पोटॅशियम साठते. पोटॅशियम फार वाढल्यास हृदय बंद पडू शकते.

सर्पविषावरील लस रक्तातील विष निष्प्रभ करते. झालेली इजा मात्र भरून काढत नाही. तोवर मूत्रपिंडांचे काम डायलिसिसवर चालवावे लागते. अनेक रुग्णांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत पुन्हा कार्यरत होतात. म्हणूनच मांत्रिकाकडे वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठणे महत्त्वाचे ठरते.