वाचलेल्यांनी काय म्हणावे?

कशेडीचा घाट उतरून गाडी पोलादपुरात शिरली, की कुणाचा ना कुणाचा हात कपाळाला जातोच. बोगदा झाल्यापासून वळणे बरीच टळतात, हात मात्र अजून जातो. सुखरूप पोहोचलो, एवढेच त्यात म्हणायचे असते आणि ते दुसऱ्या कुणी ऐकावे अशी अपेक्षा नसते. ज्यू धर्मशास्त्राचे इतक्याने भागत नाही. वाचलास ना, मग चारचौघांत उभा राहून सांग, असा त्याचा आग्रह आहे. खरे तर चारचौघेही पुरत नाहीत. दहा जण लागतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे ते पुरुषच.

हा आग्रह ज्या स्तोत्रावर उभा आहे ते तेहिलीममधले, म्हणजे स्तोत्रसंहितेतले, 107वे. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला त्याची घडण परकी वाटणार नाही. चार आख्याने येतात: वाळवंटात वाट चुकलेले, अंधारकोठडीत बेड्यांत पडलेले, दुखण्याने अन्नावरची वासना उडालेले आणि वादळात सापडलेले दर्यावर्दी. दर वेळी संकट, हाक, सुटका आणि मग उपकार मानण्याचे तेच पालुपद. चौघांची नावे, गावे काहीच नाहीत, त्यामुळे कुणालाही त्यात स्वतःला बसवता येते. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाने याच चौघांना आभार मानायला बांधून घेतले. त्यातून ‘बिरकत हागोमेल’ ही प्रार्थना रूढ झाली. वाचलेला माणूस तीत स्वतःची पुण्याई सांगत नाही, उलट लायकी नसणाऱ्यांचेही देव भले करतो असे म्हणतो.

रायगडच्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, आठवणींत या चौघांपैकी दोघे ठळक भेटतात. पहिला दर्यावर्दी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि पुढचा सगळा समाज त्यांच्यापासून वाढला, अशी परंपरा आहे. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, अष्टमीचे अष्टमकर अशी आडनावे गावोगाव लागत गेली. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोकांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले.

दुसरा कैदी. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, कंपनीच्या फौजेतला अधिकारी. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. कैदी बनी इस्राएल आहे हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली, अशी कथा समाजात सांगतात. सुटून आल्यावर त्याने 1796 मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधले: शआर हाराहमीम, दयेचे दार. समाजात ते ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखले जाते. नवस फेडायला कुणी देवळाला घंटा बांधतो. दिवेकराने देऊळच बांधले.

पण ते 107वे स्तोत्र तेव्हा त्याला पाठ होते का? बहुधा नसावे. शतकानुशतके कोकणातल्या या लोकांजवळ ग्रंथ नव्हता. देव एकच आहे असे सांगणारे ‘शेमा’ हे एक वचन तेवढे टिकले होते, आणि ते सुंतेपासून मयतीपर्यंत सगळीकडे चाले. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा पेसाह हा सण ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणून पाळला जाई. आंबट पदार्थाचे मडके झाकायचे हे लक्षात राहिले, झाकायचे का ते विसरले. 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री जेवणाच्या वेळी वाचायची पोथी, निघाली, 1874 मध्ये पुण्यात दुसरी. हगादेत 113 ते 118 ही ‘हालेल’ची स्तोत्रे असतातच, दोन जेवणाआधी, बाकीची जेवणानंतर. अशी सुटकेची स्तोत्रे जेवणाच्या पाटापर्यंत मराठीत आली. पुढे 1880च्या सुमारास या समाजाने कीर्तनेही सुरू केली, ओव्या-साक्यांत मोशे आणि योसेफ गाइले.

मग ग्रंथ हाती येण्याआधी आभार मानायचे कसे? माझ्या मते उत्तर मलिद्याच्या ताटात आहे. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, भोवती फळे. लग्न ठरले, घर झाले, दुखण्यातून उठलो, की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करायचा आणि आलेल्या प्रत्येकाला वाटायचा. जेरुसलेमच्या मंदिरात ‘तोडा’ नावाचे आभाराचे अर्पण असे. त्याबरोबर चाळीस भाकरी, आणि सारे त्याच दिवसात संपवायचे. एकट्याने संपणे शक्यच नाही, म्हणजे माणसे बोलवावीच लागणार, असा अर्थ भाष्यकारांनी लावला. मलिदा थेट तोडातून आला असे मी म्हणत नाही; पोहे आणि खोबरे सरळसरळ कोकणातले. पण ऋण खाऊ घालून फेडायचे ही जाण दोन्हीकडे एकच.

एक गोष्ट मला जास्त अवघड वाटते. वाचलेल्याने गावे, पण शेजारचा वाचला नाही त्याचे काय? 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एस.टी. गाड्या गेल्या. पूल पडण्याआधी पलीकडे पोहोचलेलेही त्या रात्री होतेच. 22 जुलै 2021ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. तिथल्या वाचलेल्याला आभार मान म्हणून कोण सांगेल?

ज्यू परंपरा या प्रश्नाला वळसा घालत नाही. इजिप्तचे सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत गायला निघाले, तेव्हा माझ्या हातची लेकरे बुडताहेत आणि तुम्ही गाता, असे म्हणून देवाने त्यांना गप्प केले, अशी तालमूदात कथा आहे. पेसाहचे सुरुवातीचे दिवस सोडले, तर सणाच्या उरलेल्या दिवसांत हालेल अर्धेच म्हणतात. 115 आणि 116 मधल्या सुरुवातीच्या अकरा-अकरा ओळी गाळतात. त्याची कारणे अनेक दिली जातात, त्यांत हे एक. सुटका शत्रूच्या हातून झाली तरी गाणे आखडते घ्यायचे.

नवगावला आज स्मारकस्तंभ आहे, समाजाच्या आगमनाचा. त्याच जागी गलबतातून किनाऱ्याला लागलेली प्रेते पुरली होती, असे सांगतात. पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्या.