वायर किती मीटर?

पहाटे 5.30. पिंपळीहून निघालो तेव्हा गाडीला मागे हत्यारांची पेटी, पुढे टाकीवर चार्जरचा खोका. भिगवण रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागे निम्मा वेळ गेला.

7.00. कुंभारगाव. मामांची होडी पाहुणे घेऊन पाण्यात. सकाळचं ऊन कोवळं असतंय तोवर फोटोवाले सोडत नाहीत. इंजिनच्या आवाजानं रोहित पक्षी उडतात, म्हणून मामांनी बॅटरीवरची छोटी मोटर बसवलीय. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी रोज खांद्यावरून घरी न्यायची, रात्री चार्ज करून परत आणायची. पाठ गेली म्हणून मला बोलावलं.

9.15. होडी लागली आणि वाद सुरू.

"चार्जर शेडमधी ठेवा की मिस्त्री. तिथनं वायर वडू."

काठावरच्या शेडपासून होडीपर्यंत साठ मीटर. तेवढ्या अडीच स्क्वेअरच्या वायरीतून दहा अँपिअर पाठवले, तर जाऊन-येऊन आठ-नऊ व्होल्ट वाटेतच जातील. बारा व्होल्टच्या बॅटरीला काय पोचणार? तेच 230 व्होल्ट होडीपर्यंत नेले, तर चार्जर जेमतेम एक अँपिअर खेचतो, घट एका व्होल्टाच्या आसपास. मामांना हिशोब पटला नाही. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नाही म्हटल्यावर पटला.

10.00 ते 12.30. चार्जर मागच्या फळीला उभा, बॅटरीपासून बाजूला. चार्जिंगला बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून पेटीच्या झाकणाला भोकं. प्लसपासून वीतभरात फ्यूज. लग दाबून बसवले, वर श्रिंक स्लीव्ह. चिकटपट्टीचा जोड पाण्यावर चालत नाही. शेडमध्ये करंट गळला की लाईन तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि वेगळी अर्थिंग.

12.30. लाईट गेली. चिलापीचं कालवण, भाकरी.

2.40. लाईट आली. आरसीसीबी उचलली की पडते, उचलली की पडते. चार्जर नवा, केबल नवी. तासभर शोधल्यावर शेडच्या जुन्या बोर्डात सापडलं: कुणीतरी न्यूट्रल अर्थिंगला जोडून ठेवलेला. इतकी वर्षं पंखा फिरत होता म्हणून कुणी बघितलं नाही. पाण्यात उभं राहून प्लग धरणाऱ्या माणसाला ते चाललं नसतं.

4.00. मीटरवर 12.2, म्हणजे बॅटरी निम्मी. चार्जर लावला, आकडा चढू लागला. 14.4 पर्यंत जाईल, भरल्यावर 13.6 ला स्थिरावेल. सहा-सात तास धरा. मामांकडून तीनदा घोकून घेतलं: आधी होडीतला प्लग, मग शेडचं बटण. काढताना उलटं.

5.00. केबलकडे बघत मामा हसले. "आज पुरली. एप्रिलात?"

इथंच खरी गोम. हे पाणी उजनीचं, 1980 पासूनचं धरण. भरलं की 117 टीएमसी, त्यातलं 63 च्या आसपास मृत साठा, आणि उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली जातं. काठ रोज मागं सरकतो. चिखल उघडा पडतो, त्यात रोहित उतरतात, पाहुणे वाढतात. होडी शेडपासून सगळ्यात लांब, तेव्हाच धंदा जोरात.

मामांनी दूरवर एक खुंट दाखवला. गेल्या साली पाणी तिथवर गेलेलं. पावलं मोजत गेलो, परत आलो, बिलाच्या मागं लिहिलं: आणखी सत्तर मीटर.