टर्बो ऑटोमॅटिक एसयूव्ही उसाच्या ट्रॉलीमागे अडखळते? गिअरबॉक्स बिघडलाय की त्याचा स्वभावच तसा?

गाळप हंगाम सुरू झाला की नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक दृश्य ठरलेलं असतं. पुढे उसाने खचाखच भरलेली दोन ट्रॉल्यांची जोडी, तिच्यामागे दहा-बारा गाड्यांची रांग आणि सगळ्यांचा वेग पंधरा-वीस. कोपरगाव असो, राहाता असो, श्रीरामपूर असो की संगमनेर, यातून सुटका नाही.

या रांगेत आता एक नवीन पाहुणा दिसतो. टर्बो पेट्रोल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली छोटी एसयूव्ही. मालकाने दहा-पंधरा लाख मोजलेले असतात, "क्लच दाबायची कटकट नाही" म्हणून घरचे खूश असतात. आणि मग ट्रॉलीला ओव्हरटेक करायची वेळ येते. रस्ता मोकळा दिसतो, ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि गाडी एक क्षण काहीच करत नाही. मग एकदम झेप घेते.

तो एक क्षण किती महाग असतो बघा. समोरून ऐंशीच्या वेगाने एसटी येत असेल आणि तुम्ही तीसच्या वेगात असाल, तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला 30 मीटरने कमी होतं. गाडीने विचार करायला एक सेकंद घेतला तरी तेवढी जागा तुमच्या हिशेबातून गेली.

हा क्षण जातो कुठे?

यात दोन वेगवेगळे उशीर एकत्र झालेले असतात.

पहिला टर्बोचा. टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून एक लिटरचं तीन सिलिंडरी इंजिन मोठ्या इंजिनासारखं ओढतं. पण हा पंखा फिरायला पुरेसा धूर लागतो. ट्रॉलीमागे रांगताना इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर असतं, धूर कमी, पंखा सुस्त. यालाच टर्बो लॅग म्हणतात.

दुसरा उशीर गिअरबॉक्सचा. तुम्ही ॲक्सिलरेटर खोल दाबलात की त्यातल्या कॉम्प्युटरला कळतं, याला ओव्हरटेक करायचंय. मग तो वरच्या गिअरवरून खालच्या गिअरवर येतो. मॅन्युअल गाडीत हे काम ड्रायव्हर आधीच करून ठेवतो, कारण त्याला पुढचा रस्ता दिसत असतो. कॉम्प्युटरला फक्त तुमचा पाय कळतो.

चार प्रकार, चार स्वभाव

आपण सगळ्यांनाच "ऑटोमॅटिक" म्हणतो, पण आत चार वेगळी यंत्रं असतात आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

सगळ्यात स्वस्त एएमटी. ही खरं तर मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर हलवायला माणसाऐवजी मोटर. भारतात 2014 साली मारुतीच्या सेलेरिओमुळे ती घराघरांत पोचली. गिअर बदलताना डोकं पुढे झुकतं, तो बिघाड नसतो.

सीव्हीटीत गिअरच्या पायऱ्याच नसतात, दोन पुलींमधला पट्टा सरकत राहतो. निसान मॅग्नाइट आणि रेनो कायगरच्या टर्बो मॉडेलमध्ये हीच आहे. दाबली की आधी इंजिन ओरडतं, वेग मागून येतो. शहरात मात्र लोण्यासारखी.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, मुरलेला प्रकार. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी तेल असतं. एक पंखा तेल ढकलतो, दुसरा त्या तेलाने फिरतो. निघताना हे तेल इंजिनला मोकळेपणाने आरपीएम वाढवू देतं आणि जोरही वाढवतं, त्यामुळे टर्बोचा आळस बराचसा झाकला जातो. मारुती फ्रॉन्क्सचं टर्बो इंजिन सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरबरोबर आलं, ते यासाठी चांगलं जुळलं.

आणि चौथा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. सगळ्यात जास्त प्रश्न याच्याबद्दल विचारले जातात, म्हणून जरा थांबू.

डीसीटी: मोकळ्या रस्त्यावर घोडा, गर्दीत हैराण

यात एक क्लच 1, 3, 5, 7 हे गिअर सांभाळतो आणि दुसरा 2, 4, 6. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलतो. समृद्धी महामार्गावर याच्यासारखी मजा नाही. पण कॉम्प्युटरने चौथा तयार ठेवलाय आणि तुम्ही अचानक दाबून दुसरा मागितलात, तर त्याचा अंदाज चुकतो. मांडलेला डाव मोडून पुन्हा मांडावा लागतो. तोच तो अडखळा.

त्याहून मोठा प्रश्न उष्णतेचा. ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सोनेटच्या एक लिटर टर्बोत किंवा फोक्सवॅगन टायगुन, स्कोडा कुशाकच्या दीड लिटर टर्बोत जो सात गिअरचा डीसीटी आला, त्याचे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. मॅन्युअल गाडीत अर्धा क्लच दाबून रांगलं की वास येतो ना? ड्रायव्हरला नकळत हा गिअरबॉक्स अगदी तेच करत असतो. ट्रॉलीमागे वीस मिनिटं, वर एप्रिल-मेचं नगरचं ऊन. क्लच तापतो, गाडी थरथरते, काही गाड्यांत समोर तापमानाचा इशाराही येतो. टाटाने नेक्सॉनमध्ये दिलेला डीसीए हा ओल्या क्लचचा आहे, त्याला तेलाचा गारवा मिळतो.

ही तक्रार एकट्या नगरकरांची नाही. अमेरिकेत 2016 साली ह्युंदाईने सुमारे 41 हजार टूसाँ परत बोलावल्या होत्या. टर्बो इंजिन, सात गिअरचा डीसीटी आणि उष्ण हवेत थांबत-थांबत चालताना गाडी जागेवरून निघायला उशीर करते, ही तक्रार. उपाय काय, तर सॉफ्टवेअर बदललं. फोक्सवॅगनने 2013 साली जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजीमधलं तेल बदलून दिलं होतं.

सगळ्यात बोलका किस्सा ऑस्ट्रेलियाचा. तिथे फोर्डच्या पॉवरशिफ्ट या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा कंपनी ग्राहकांना "तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे थरथर होते" असं सांगत राहिली. 2018 साली तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. "सर, ये नॉर्मल है" हे वाक्य फक्त आपल्याकडेच ऐकायला मिळतं असं नाही!

मग नॉर्मल काय आणि बिघाड काय?

थंड इंजिनावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला हलका झटका, नव्या गाडीत सुरुवातीचे काही दिवस थोडी गडबड, बॅटरी काढून बसवल्यावर वेगळी वागणूक, हे साधारणपणे स्वभावात मोडतं. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर क्लच कुठे पकडतो आणि ड्रायव्हर कसा चालवतो हे शिकत असतो.

पण 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर दणका बसणं, इंजिनाचे आरपीएम वाढूनही वेग न वाढणं, चालताना गिअर अचानक न्यूट्रलसारखा सुटणं, आधी नसलेली थरथर महिनाभरात वाढत जाणं, तापमानाचा इशारा वारंवार येणं, यातलं काहीही झालं तर टाळू नका. हे वॉरंटीत असतानाच लेखी नोंदवायचं असतं.

ट्रॉलीमागे आणि घाटात

ओव्हरटेकचा निर्णय घेण्याआधीच गिअर खाली आणून ठेवा. 'एस' मोड असो, मॅन्युअल मोड असो किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल. आरपीएम दोन हजारांच्या वर गेले की टर्बो जागा होतो, मग बाहेर पडा. 'डी'मध्ये ठेवून ऐनवेळी पाय आपटणं हीच सगळ्यात वाईट पद्धत. रांगताना बंपरला बंपर लावण्यापेक्षा अंतर पडू द्या, थांबा, मग एकदम थोडं पुढे जा. क्लचला पूर्ण जोडायची संधी मिळते.

चंदनापुरी घाटात किंवा करंजी घाटात चढावर गाडी थांबली की काही जण ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर तिला तोलून धरतात. डीसीटी आणि एएमटीत हे क्लच जाळणं आहे. ब्रेक दाबा. हिल होल्डही साधारण दोनेक सेकंदच धरतो, त्याच्या भरवशावर मोबाइल बघू नका. उतारावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर टाका म्हणजे इंजिनच गाडीला रोखतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकण्याची सवय तर सोडाच.

आणि बंद पडली तर? गावाकडे पहिला उपाय ठरलेला, ट्रॅक्टरला दोर बांधायचा. छोट्या एसयूव्ही बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात. ऑटोमॅटिकची पुढची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढली तर आत तेल फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा घासतो. पुढची चाकं उचलणारी क्रेन किंवा सरळ फ्लॅटबेड मागवा. ढकलस्टार्टही विसरा.

तेलाबद्दल "आयुष्यभर बदलायला लागत नाही" असं शोरूममध्ये सांगतात. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक आहे का ते उघडून बघा. धूळ, उष्णता, घाट, रांगता ट्रॅफिक... यात नगरचं काय सुटलं? बदलायचं ठरलंच, तर तेल कंपनीने सांगितलेलंच हवं. सीव्हीटीत दुसऱ्या प्रकारचं तेल गेलं की गिअरबॉक्सच्या खर्चाची तयारी ठेवा.

सर्व्हिस सेंटर ऐकत नसेल तर

तक्रार तोंडी नको, जॉबकार्डवर लिहून घ्या. तारीख, किलोमीटर, किती वेळ चालवल्यावर, कुठल्या गिअरला, सगळं. मोबाइल डॅशबोर्डकडे धरून मागच्या सीटवरून कुणाकडून तरी व्हिडिओ काढून घ्या. सर्व्हिस मॅनेजरला बाजूला बसवून ट्रॉलीच्या वेळेला चक्कर मारा, सकाळी थंड गाडीत काहीच दिसत नाही. नवीन सॉफ्टवेअर आलंय का हे स्पष्ट विचारा, कारण बरेच झटके त्यानेच जातात.

तरीही दाद नाही मिळाली तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे गाडी पुण्यातून घेतली असली तरी अहिल्यानगरचा आयोग चालतो. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच, मुदत दोन वर्षांची आणि 10 ते 20 लाखांच्या गाडीसाठी फी 400 रुपये. खरी अडचण पुराव्याची असते. उत्पादनातला दोष आहे हे तज्ज्ञाच्या तपासणीतून दाखवावं लागतं आणि तिथे ती जुनी जॉबकार्डं कामाला येतात.

गंमत म्हणजे गाड्यांची अधिकृत परीक्षा घेणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण संशोधन खात्याची व्हीआरडीई, नगरमध्येच आहे. चाचणीसाठी तिचा स्वतःचा ट्रॅक आहे. फक्त त्या ट्रॅकवर उसाच्या ट्रॉल्या नसतात!