मुळशीच्या वाटेवरची थाळी

पुण्याच्या चांदणी चौकातून निघणारा पौड रस्ता भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पौड मागे टाकून मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटात शिरतो आणि पुढे कोकणात उतरतो. साधारण ५० किलोमीटरचा हा पट्टा आज पुणेकरांचे बाहेर जेवायला जाण्याचे ठरलेले ठिकाण आहे. कोणी पावसात भिजायला, कोणी धरण पाहायला निघतो, पण वाटेत पाट मांडल्याशिवाय फारसे कोणी परतत नाही. फलकांवर ‘गावरान’, ‘चुलीवरचे’ आणि ‘घरगुती’ हे शब्द जागोजागी दिसतात. प्रत्यक्षात या वाटेवर जे सर्रास वाढले जाते आणि मुळशीच्या घरात जे शिजते, त्यांत बरेच अंतर आहे. ते समजून घेतले तर काय मागवावे आणि कुठे थांबावे, हे सोपे होते.

मुळात हा तालुका भाताचा. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडे सरकावे तसा तो झपाट्याने वाढतो आणि ताम्हिणीच्या माथ्यावर कोकणासारखाच कोसळतो. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एकाच दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असल्या पावसात बाजरी टिकत नाही. बाजरी शिरूर-बारामतीच्या कोरड्या बाजूची आणि ज्वारी त्याहून पूर्वेची. मुळशीत खाचरात भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकते. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल अशी कडधान्ये घेतली जातात. घरातले रोजचे जेवण याच पिकांवर उभे आहे: भात आणि वालाची किंवा मसुराची आमटी, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, हुलग्याचे पिठले, आणि घाटवाटांनी कोकणातून वर येणारी सुकट किंवा सुके बोंबील.

रस्त्यावरची थाळी मात्र अख्ख्या महाराष्ट्रातून गोळा झालेली आहे. बाजरीची भाकरी पूर्वेकडून आली, तांबडा-पांढरा रस्सा कोल्हापुरातून, मासवडी जुन्नर-आंबेगावकडून, वांग्याचे भरीत खानदेशातून. थंडीत कुठे हुरडा मिळालाच तर तोही बाहेरून आणलेला असणार. मिसळीचेही तसेच. पुण्याची जुनी मिसळ पोहे आणि बटाट्याची भाजी घातलेली, बेताच्या तिखटाची. या रस्त्यावर चालते ती झणझणीत तर्रीची, सोबत पापड, मठ्ठा आणि जिलबी मांडलेल्या ताटातली. यात फसवणूक काही नाही. गिऱ्हाईक शहरातले, त्याच्या मनातले ‘गावचे जेवण’ म्हणजे पिठले, भाकरी, ठेचा आणि मटण, आणि हॉटेलवाला ते प्रामाणिकपणे करून वाढतो. खंत एवढीच की ज्या शिवारातून गाडी जाते, त्या शिवाराचे अन्न ताटात सर्वांत कमी असते.

हा व्यवसाय वाढला तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. हिंजवडीचे आयटी पार्क मुळशी तालुक्यातच आहे. तिथल्या पाच दिवसांच्या आठवड्याने शनिवारची सुट्टी आणि खिशात पैसा असलेला मोठा वर्ग तयार केला. पिरंगुटच्या कारखान्यांनी कामगारांच्या खाणावळी आणल्या. जमिनींचे भाव चढले, शेते विकली गेली, आणि ज्यांनी रस्त्याकडेचा तुकडा राखला त्यांतल्या अनेकांनी त्यावर शेड घालून हॉटेल टाकले. जमीन गेल्यानंतर गावातल्या तरुणांचे काय होते, हे २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने राज्यभर पोहोचवले. त्याच तरुणांपैकी जो आज स्वतःच्या जागेत गल्ल्यावर बसतो आणि घरच्या बायका-माणसांना हाताशी घेऊन हॉटेल चालवतो, त्याची गोष्ट मात्र अजून कोणी मोठ्या पडद्यावर आणलेली नाही. तीही तितकीच महत्त्वाची आहे.

वाटेचे टप्पे सहज ओळखू येतात. भूगाव-भुकूमपर्यंत लॉन्स, मंगल कार्यालये, मोठ्या पार्किंगची फॅमिली गार्डन हॉटेले. इथे पंजाबी, चायनीज, तंदूर सगळे मिळते, आणि रविवारी दुपारी एक ते तीन रांगही मिळते. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे स्फोटाने पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. चौक मोकळा झाला, पण अरुंद भूगावातली कोंडी तशी सुटलेली नाही. सकाळी लवकर निघणे हाच त्यावरचा खरा उपाय. पिरंगुट ते पौड या टप्प्यात ट्रकचालक, कामगार आणि तालुक्याच्या कामासाठी आलेली माणसे जेवतात. इथली थाळी साधी आणि गरम असते. नेहमीच्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या खाणावळीत कालचा रस्सा खपत नाही, त्यामुळे मोठ्या बागेच्या हॉटेलापेक्षा इथे जेवण अनेकदा सरस निघते.

पौडच्या पुढे धरणाचे पाणी दिसू लागते. टेबले पाण्याकडे तोंड करून मांडलेली असतात. या पाण्याखाली मुळशी खोऱ्यातली उत्तम भातखाचरे आहेत. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी इथे धरण बांधायचे ठरले, तेव्हा आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यामुळे ‘सेनापती’ झाले. लढा हरला, धरण झाले, आणि मुळेचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे भिरा वीजकेंद्राकडे वळले. धरणग्रस्तांच्या लढ्यांच्या इतिहासात मुळशीचे नाव अगदी सुरुवातीला येते. काठावर बसून जेवणाऱ्याला हे ठाऊक असावे, कारण समोरच्या ताटातला भात त्याच मातीचा वारसा आहे.

आंबेमोहोर आखूड दाण्याचा, मऊ शिजणारा आणि मोहराचा वास असलेला तांदूळ. पण तो उंच वाढतो, वाऱ्या-पावसात लोळतो आणि उतारा कमी देतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हे वाण काढले आणि १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. वास थोडा कमी, पण उतारा चांगला आणि झाड आटोपशीर, म्हणून आज मुळशी-मावळात बहुतेक खाचरे इंद्रायणीची आहेत. बाजारात ‘आंबेमोहोर’ म्हणून विकला जाणारा बराचसा तांदूळ परराज्यांतला असतो. मुळशीत खात्रीने मागावा तो इंद्रायणीच. दिवाळीच्या सुमाराचा नवा तांदूळ चिकट आणि गोडसर शिजतो, मऊ भाताला आणि तूप-मेतकुटाला तो उत्तम. वर्षभर मुरलेला जुना तांदूळ मोकळा होतो आणि रश्श्याबरोबर छान लागतो. थाळीसोबत येणारा जिरा राईस बाजूला ठेवून ‘साधा इंद्रायणी आहे का’ एवढे विचारले तरी जेवणाची जात बदलते.

तांदळाची भाकरीही अशीच मागून घ्यायची गोष्ट. या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून आधी उकड काढावी लागते. पाण्याला उकळी आली की मीठ घालून त्यात पीठ सोडतात, झाकण ठेवून वाफ आणतात आणि गरम असतानाच परातीत पाण्याच्या हाताने मळतात. उकडीमुळे पीठ एकजीव होते, गोळा तडकत नाही. मग कोरड्या पिठावर हळूहळू थापत भाकरी परातीभर वाढवायची, तव्यावर टाकून वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. शेवटी चुलीच्या निखाऱ्याशी धरली की ती टम्म फुगते. एका भाकरीला एवढा वेळ आणि एवढा हात लागतो. गर्दीच्या रविवारी हॉटेले बाजरीवर किंवा तंदूर रोटीवर भागवतात, याचे कारण यातच आहे.

मटण-कोंबडीचे गणितही वेळेचेच. लाकडाच्या धुराचा वास रश्श्याला थोडाफार लागतो, पण चुलीवरच्या मटणाची चव मुख्यत्वे वाटणाची आणि मंद आचेची असते. कांदा आणि सुके खोबरे जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजायचे, लसूण-कोथिंबिरीसह बारीक वाटायचे, आणि तेल सुटेपर्यंत परतायचे. त्याआधी हळद-मीठ घालून शिजवलेल्या मटणाचे अळणी पाणी वाटीतून वेगळे येते. आचाऱ्याचा हात त्यातच कळतो, कारण तिथे मसाल्याआड काही लपत नाही. खरी गावरान कोंबडी शिजायला तास-सव्वा तास घेते, ब्रॉयलर त्याच्या निम्म्याहून कमी वेळात होते. म्हणून ‘गावरान कोंबडी’ मागवल्यावर पंधरा मिनिटांत ताट आले तर शंका घ्यायला जागा आहे. जाणकार निघतानाच फोन करून ऑर्डर देतात. ताम्हिणीच्या बाजूच्या छोट्या घरगुती ठिकाणी तर आधी कळवल्याशिवाय जाऊच नये, कारण तिथे माणसे मोजून चूल पेटते.

पावसाळ्यात वाट खरी बहरते. कांदाभजी, चहा, भाजलेले कणीस यांच्या गाड्या धरणाच्या वळणावळणाला लागतात. मका या खोऱ्याचे पीक नव्हे. इथला खास पावसाळी ऐवज दोन गोष्टींत आहे, खेकडे आणि रानभाज्या. पहिल्या पावसांनंतर ओढ्याकाठचे काळे खेकडे बाहेर पडतात आणि रात्री बॅटरीच्या उजेडात पकडले जातात. नांग्या आणि पेंदे रश्श्यात जातात. बारीक पाय मात्र पाट्यावर ठेचून, पाण्यात कालवून, गाळून घेतात. ते गाळलेले पाणीच रश्श्याला दाटपणा आणि गोडी देते, आणि ते वगळणारे हॉटेल चव वगळते. पोटाखाली पिल्ले असलेली मादी सोडून द्यावी, हे जुनी माणसे पाळत आली. मागणी वाढल्यावर ते पाळणे अधिकच गरजेचे झाले आहे.

रानभाज्या हॉटेलात क्वचित, रस्त्याकडेला कातकरी बायकांच्या पाट्यांत जास्त दिसतात: टाकळा, कुरडू, भारंगी, कर्टोली, पावसाच्या तोंडावर येणारे शेवळ. शेवळ नीट केले नाही तर घसा खाजतो. काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालूनच ते शिजवायचे. विकत घेताना कसे करायचे ते त्या बाईलाच विचारावे, तिच्याइतके नेमके कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात याच पाट्यांत करवंदे आणि जांभळे येतात, पानांच्या द्रोणात. भाव करण्यात वेळ घालवू नये. एक द्रोण भरायला काटेरी जाळ्यांत किती फिरावे लागते, हे हातांवरच्या ओरखड्यांवरून दिसते.

पावसाळ्याचा एक नियम सोयीपलीकडचा आहे. अतिवृष्टीत ताम्हिणी घाटात दरडी कोसळतात, आणि जिल्हा प्रशासन काही दिवस घाटरस्ता किंवा धबधब्यांची ठिकाणे बंद करते. अशा दिवशी पौडपर्यंत जाऊन जेवावे आणि परतावे. २०१३ मध्ये ताम्हिणी परिसर वन्यजीव अभयारण्य झाला. तिथे उष्टे, प्लॅस्टिक आणि बाटल्या टाकणे हा गुन्हा आहेच, शिवाय त्याच्या मोहाने माकडे रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात.

घाट उतरून विळे-भागाडकडे गेले की ताट पुन्हा बदलते. ओले खोबरे, कोकम, सोलकढी आणि ताजी मासळी सुरू होते, वाटणातला भाजका कांदा मागे पडतो. तांदळाची भाकरी तेवढी दोन्ही बाजूंना तीच राहते, कारण भात घाटाच्या वरही पिकतो आणि खालीही.