न मोजता कळलेली उष्णता

मंडळी, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली की माणसं दगावतात. ती ज्या वायूमुळे, तो कार्बन मोनॉक्साइड. एक मोल कार्बनपासून तो तयार होताना उष्णता किती बाहेर पडते, हा आपला आजचा प्रश्न. मोजायला जावं तर पंचाईत. ऑक्सिजन कितीही बेतून द्या, थोडा डायऑक्साइड होतोच, थोडा कार्बन तसाच उरतो.

मग आपण आडवाटेने जाऊ. दोन ज्वलनं चोख मोजता येतात. २५ अंश सेल्सिअसला, नेहमीच्या दाबाखाली, एक मोल ग्राफाइट पूर्ण जाळला की ३९३.५ किलोज्यूल उष्णता निघते. एक मोल कार्बन मोनॉक्साइड जाळला तर २८३.०. दोन्हीकडे शेवटी हाती येतो तोच डायऑक्साइड. म्हणजे ३९३.५ पैकी २८३.० दुसऱ्या टप्प्यात निघाले, उरलेले ११०.५ पहिल्या टप्प्यात निघालेच पाहिजेत. उष्णता बाहेर जाते, म्हणून एन्थाल्पीतला बदल उणे ११०.५ किलोज्यूल. अभिकारकांच्या ज्वलन-एन्थाल्पीतून उत्पादितांची वजा करायची, इतकंच. (ऑक्सिजन स्वतः जळत नाही, त्याचं शून्य धरा.) इथे मुलं हटकून उलटं करतात, कारण निर्मिती-एन्थाल्पीच्या सूत्रात क्रम बरोबर उलटा असतो.

पण 'निघालेच' मधला हा 'च' आला कुठून? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तो खुपतो. मीमांसकांची अर्थापत्ती आठवा: धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तर रात्री जेवत असलाच पाहिजे. हेसने १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गला हा नियम मांडला तो प्रयोगांवरून. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त तेव्हा अजून प्रस्थापित व्हायचा होता. तो झाल्यावर 'च' ला आधार मिळाला. वाटेनुसार उष्णता बदलत असती, तर एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत यायचं आणि दर फेरीला फुकटची उष्णता खिशात घालायची! तसं होत नाही.

आता एक सावधगिरी. हिऱ्याचं ज्वलन ३९५.४, ग्राफाइटचं ३९३.५. म्हणजे ग्राफाइटचा हिरा होताना एन्थाल्पी अधिक १.९. दोन मोठ्या आकड्यांमधला हा एवढासा फरक. हिऱ्याच्या मोजणीत शेकडा अर्ध्याची चूक झाली तरी जवळपास २ किलोज्यूल इकडेतिकडे होतात. तर्क बिनचूक, वजाबाकी बिनचूक, आणि उत्तराचं चिन्हच उलटं.