एका मेंदूला चार चौकटी

खेळ सुरू होतो तेव्हा पडद्यावर एक फळी आणि तिच्यावर एक चेंडू, एवढंच असतं. कीबोर्डवरची बाणांची बटणं दाबून फळी तोलायची, चेंडू पडू द्यायचा नाही. लहान मूलही सहज खेळेल. पण जरा हात बसतो न बसतो तोच पडद्याचे भाग पडतात आणि शेजारी दुसराच खेळ सुरू होतो. त्याची बटणं वेगळी, नियम वेगळे. पहिला मात्र थांबलेला नसतो. मग तिसरी चौकट उघडते, मग चौथी. चारांपैकी कुठेही एकदा चुकलात की सगळा डाव खलास. जितके सेकंद टिकलात, तितके तुमचे गुण.

‘मल्टिटास्क’ नावाचा हा फ्लॅश गेम 2009 च्या सुमारास इंटरनेटवर आला. त्यामागे कुठली बडी कंपनी नव्हती. त्या काळात फ्लॅश हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकलेली हौशी मंडळी घरबसल्या खेळ बनवत आणि न्यूग्राउंड्स, काँग्रिगेट अशा साइटवर टाकत. 2020 च्या अखेरीस अडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला आणि त्या दुनियेतलं बरंच काही विस्मरणात गेलं. या खेळाची आठवण मात्र ठेवायला हवी, कारण मानसशास्त्रज्ञांनी दशकानुदशकं खपून जे मोजलं, ते तो दोन मिनिटांत अंगावर आणतो. आपला मेंदू दोन निर्णय एका वेळी घेत नाही.

प्रयोगशाळेतला प्रयोग तर याहून साधा असतो. कानावर आवाज पडला की एका हाताने एक बटण दाबायचं, पडद्यावर अक्षर दिसलं की दुसऱ्या हाताने दुसरं. दोन्ही खुणांमध्ये एक सेकंदाचं अंतर असेल तर काहीच अडचण येत नाही. ते अंतर सेकंदाच्या दहाव्या हिश्शावर आणलं की पहिलं उत्तर जवळजवळ वेळेवर येतं, दुसरं मात्र हमखास रखडतं. एक खूण कानाला, दुसरी डोळ्याला. हातही वेगवेगळे. तरीही रखडतं. टेलफर्ड यांनी 1931 मध्ये हा विलंब नोंदवला, पुढे वेलफर्ड यांनी त्याचा सिद्धान्त मांडला आणि 1980 नंतर हॅरल्ड पॅशलर यांनी नेमकं कुठे अडतं ते शोधत नेलं. त्यांच्या मते पाहणं-ऐकणं समांतर चालू शकतं, बोटं हलवणंही चालू शकतं. मधली ‘आता काय करायचं’ ही पायरी तेवढी एकेरी आहे. पहिला निर्णय बाहेर पडल्याशिवाय दुसरा आत शिरत नाही.

म्हणजे ज्याला आपण ‘एकाच वेळी दोन कामं’ म्हणतो, ती बहुतेक वेळा या कामावरून त्या कामावर मारलेली उडी असते. आणि उडी फुकट नसते. हे घरी करून पाहता येईल. एकपासून दहापर्यंत आकडे म्हणा, मग ‘क’पासून ‘ञ’पर्यंत दहा अक्षरं म्हणा. दोन्हींना लागलेला वेळ घड्याळावर पाहा. आता ‘एक क, दोन ख, तीन ग’ असं आलटून पालटून म्हणा. आकडे तेच, अक्षरं तीच, पण वेळ चांगलाच वाढतो. आर्थर जर्सिल्ड यांनी 1927 मध्ये याच जातीचे प्रयोग केले होते. 1995 मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी त्यात भर घातली. काम कधी बदलणार हे आधी ठाऊक असलं आणि तयारीला पुरेसा वेळ दिला, तरी उडीची थोडी किंमत शिल्लक राहतेच. जुने एका प्रोसेसरचे संगणकही अनेक कामं आळीपाळीनेच करत. पण ते प्रत्येक काम सोडताना त्याची स्थिती जशीच्या तशी साठवून ठेवत. आपल्या डोक्यात मागच्या कामाचे नियम रेंगाळत राहतात आणि पुढच्या कामात लुडबुड करतात.

मग स्वयंपाकघरात तीन शेगड्या कशा सांभाळल्या जातात? तिथे कुकरची शिट्टी हाक मारते, फोडणीचा वास सांगतो, नजर फक्त दुधावर ठेवली की भागतं. क्रिस्टोफर विकन्स यांनी 1980 च्या दशकात मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो. दोन कामं वेगवेगळी इंद्रियं वापरत असतील तर त्यांची भांडणं कमी होतात. ‘मल्टिटास्क’ ही सवलत काढून घेतो. चारही चौकटींना डोळेच हवेत आणि बोटंच हवीत. त्यात डोळ्याची मर्यादा अशी की, बारकावे दिसतात ते फक्त मधल्या दोनेक अंशांत, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढी जागा व्यापतं साधारण तेवढ्यात.

तरीही काही जण इतरांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. त्यांचं कसब पाहण्यासारखं आहे. फळीवरचा चेंडू मधोमध असेल तर तो हळूहळू सरकतो. जितका कडेला जाईल तितका आवरायला अवघड. हे ओळखलेला खेळाडू चेंडू मध्यावर आणतो, फळी सपाट करतो आणि तेवढ्या उसंतीत दुसऱ्या चौकटीकडे वळतो. नवखा एकाच चौकटीला चिकटून बसतो आणि तिसरीत मरतो. मुरलेला खेळाडूही चार गोष्टी एकदम करत नाही. कोणती गोष्ट किती वेळ वाऱ्यावर सोडता येईल, याचा अंदाज त्याला अचूक आलेला असतो.

मराठी वाचकाला इथे एकाच वेळी आठ गोष्टींवर लक्ष ठेवणारे अष्टावधानी आठवतील. 1887 मध्ये मुंबईत, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, जैन तत्त्वचिंतक श्रीमद राजचंद्रांनी शतावधानाचा, म्हणजे शंभर गोष्टींच्या अवधानाचा प्रयोग केला होता. अशा सभेत पृच्छक एकामागून एक तुकड्यातुकड्यांनी प्रश्न टाकतात आणि अवधानी प्रत्येक धागा मनात धरून ठेवून योग्य वेळी पुरा करतो. ते स्मरणाचं थक्क करणारं सामर्थ्य आहे, पण तिथेही धागे आळीपाळीनेच हाती घेतले जातात.

सरावाने मग काय बदलतं? 2009 मध्ये पॉल डक्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन कामांचा सराव देऊन त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. अडथळा फारच कमी झाला होता. त्यांच्या निष्कर्षानुसार निर्णयाच्या एकेरी वाटेला दुसरी वाट फुटली नव्हती. मेंदूच्या पुढच्या भागातून निर्णय अधिक वेगाने बाहेर पडत होते. 2013 मध्ये ‘नेचर’ने अॅडम गॅझली यांच्या गटाचा ‘न्यूरोरेसर’ हा खेळ मुखपृष्ठावर छापला. गाडी चालवता चालवता ठरावीक चिन्ह दिसलं की बटण दाबायचं. 60 ते 85 वयाच्या मंडळींनी महिन्याभरात 12 तास सराव केला आणि या खेळात ती सराव नसलेल्या विशीतल्या तरुणांच्या पुढे गेली. त्याचा काही लाभ एकाग्रतेच्या इतर चाचण्यांतही दिसला, ही आशादायक गोष्ट आहे. पण तेवढ्यावरून ‘मेंदू तल्लख करणारे’ अॅप विकत घेऊ नयेत. पुराव्याबाहेरचे दावे केल्याच्या आरोपावरून ‘लुमॉसिटी’ या अशाच अॅपच्या कंपनीला 2016 मध्ये अमेरिकेत 20 लाख डॉलर भरावे लागले.

‘मला जमतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी युटा विद्यापीठातल्या वॉटसन आणि स्ट्रेयर यांचा 2010 चा निष्कर्ष आहे. त्यांनी 200 जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली आणि त्याच वेळी फोनवर गणितं सोडवायला आणि शब्द लक्षात ठेवायला दिले. एकाही कामात घसरण न झालेले लोक निघाले अडीच टक्के, म्हणजे दोनशेत पाच.

खेळात चेंडू पडला तर डाव नव्याने मांडता येतो. रस्त्यावर ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक दाबायला सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका उशीर झाला, तर गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. हँड्सफ्रीने हात मोकळे होतात, निर्णयाची एकेरी वाट मोकळी होत नाही. स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत हातात फोन धरणारे आणि हँड्सफ्री वापरणारे चालक सारखेच चुकले. तेव्हा फोन आला तर गाडी कडेला घ्या, थांबवा आणि मग बोला.